येळवशीचा मालक

१९७७च्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या बहिणीचं, वच्छीचं, एक अंतर्देशीय पत्र आलं होतं. मी त्याला उत्तर पाठवलं नाही.

पत्र मोठं नव्हतं. ‘दादा, तुझ्या नावचं रान तू सोडलंस. माझ्या नावावर जे आहे त्याचं मी काय करू ते कळव. तारीख अकरा मार्चची आहे.’ त्याखाली आणखी तीन छोटी वाक्यं होती. ती सांगण्याआधी मला त्याआधीच्या डिसेंबरातली येळवस सांगावी लागेल, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आमच्याकडे पुष्कळ जमीन होती आणि भावाबहिणीत वाटणीचं काही चाललं होतं. आमच्याकडे वीतभरही जमीन नव्हती.

आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव ओस पडतं. ज्याचं रान आहे तो बायकापोरांसह रानात जातो, कडब्याची कोप उभारतो, आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावतो, पूजा करतो. मग घरचा कर्ता माणूस आंबिलीचं मडकं घेऊन पिकात शिंपडत फिरतो आणि बाकीचे त्याच्यामागून आरोळ्या देत चालतात. नंतर वाटेने जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवतात. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात जातो. आम्ही दरवर्षी रावसाहेब मालीपाटलांच्या रानात जात होतो, कारण माझे वडील, अप्पा, त्यांचे दिवाणजी होते आणि आम्ही राहत होतो ते घरही त्यांचंच होतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. लातूरला एका वाचनालयात साहाय्यक होतो. पुस्तकांना पुठ्ठे चढवायचे, उशीर झालेल्यांना कार्डं टाकायची, उरलेल्या वेळात वाचायचं. येळवशीला म्हणून गावी, सोनवळग्याला गेलो, तर त्या वर्षी रावसाहेबांनी कोप नेहमीच्या मळ्यात न घालता चिंचेच्या रानात घातली होती. सोबत तलाठी पाहुणे म्हणून आले होते. वाटलं, साहेबाला खूश करायला नवीन जागा निवडली असेल.

पूजा मांडली गेली तेव्हा रावसाहेबांनी मला हाक मारली.

“प्रल्हाद, ये इकडं. यंदा पूजा तुझ्या हातनं.”

“मी?”

“तू नाही तर काय तलाठीभाऊ करतील? सोवळं नको, काही नको. हात धू आणि बस.”

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी बसलो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. लहानपणापासून मी कुठल्याही कार्यात भिंतीला टेकून उभा राहिलेला माणूस. कोणी पुढे बोलावलं की घामाने भिजायचो. पण त्या दिवशी रावसाहेब स्वतः माझ्या हातात मडकं देत होते, त्यांचे दोन्ही मुलगे माझ्यामागे चालत आरोळ्या देत होते, आणि मी हरभऱ्यात आंबील शिंपडत पुढे चाललो होतो. वाचनालयात मला इतकं महत्त्व कोणी दिलं नव्हतं. तलाठी बांधावर उभे राहून बघत होते.

जेवणं झाल्यावर मी हात धुवायला विहिरीकडे गेलो. तिथे ठकूबाई वाघमारे भांडी घासत होती. ती आणि तिचा नवरा त्या रानात वर्षानुवर्षं राबत होते. येळवशीची आंबीलही तीच करायची. डोक्यावर मडकं घेऊन गावातून रानापर्यंत आणायची. पस्तिशीची असेल. जीभ तिखट.

“काय मालक,” ती म्हणाली, “पेढे कधी?”

“कसले पेढे?”

“कसले म्हंजे? रान घेतलं, येळवस घातली, सगळ्या गावाला जेवू घातलं. आन् पेढे इचारले की तोंड असं.”

“ठकूबाई, रान रावसाहेबांचं आहे. त्यांनी नुसती पूजा करायला सांगितली.”

तिने राखेचा हात तसाच ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं. मी थट्टा करत नाही हे तिला कळलं असावं.

“सातबारा बघितला न्हाई व्हय कधी?”

“कुणाचा?”

“अगं बाई,” ती हळू म्हणाली. “लायब्रीत येवढी बुकं वाचता, आन् आपल्या नावचा एक कागुद वाचला न्हाई? हे बावीस एकर तुमच्या नावानं हाय, पल्हादराव. सिलिंगमधी सरकारजमा होऊ नये म्हनून. तुमी तुमच्याच रानात पाहुणे होऊन जेवलाव.”

ती पुन्हा भांडी घासायला लागली.

घरी परतताना मी अप्पांना गाठलं. ते पुढे चालत होते आणि मी बोललो तरी थांबले नाहीत.

“अप्पा, चिंचेचं रान माझ्या नावावर आहे?”

“कोण म्हणालं?”

“आहे का?”

“एकूणसत्तर साली केलं. तू कॉलेजला होतास. सही केली होतीस तू.”

मला ते आठवलं. सुट्टी संपवून मी लातूरची एसटी पकडायला निघालो होतो, आणि अप्पा स्टँपचा कागद घेऊन फाट्यावर आले होते. ‘वाचत बसू नको, गाडी येईल,’ म्हणाले होते. आयुष्यात न वाचता सही केलेला तो एकच कागद असेल.

“आणि वच्छीच्या नावावर ओढ्यापलीकडचं सोळा एकर आहे,” अप्पा म्हणाले. “ती अज्ञान होती, मी पालक म्हणून सही केली. दोघांचं मिळून अडतीस. घर त्यांचं, खातो त्यांचं. नाही म्हणायला तोंड होतं का मला?”

“मग आता?”

“आता परवा तुझी तारीख आहे. सिलिंगचे साहेब बसणार आहेत तालुक्याला. गावातल्या अकरा भूमिहीन घरांनी अर्ज केलाय की ही नावं खोटी आहेत. तू जायचं, जमीन माझी आहे, मी कसवून घेतो, एवढं सांगायचं. येळवस तू घातलीस हे तलाठी सांगणार आहेत. मी तुला चतुःसीमा पाठ करून देतो. चारही बाजूंना काय आहे ते नीट सांगता आलं पाहिजे. झालं.”

म्हणजे मला पुढे बोलावलं होतं ते यासाठी. मला राग आला का? यायला हवा होता. मला आधी लाज वाटली, कारण मडकं हातात घेतल्यावर मी किती ताठ चाललो होतो ते मला आठवत होतं.

वच्छी तेव्हा वीस वर्षांची. आमची आई आधीच गेलेली, त्यामुळे घर तीच चालवायची. घरी पोचल्यावरही आमचं तेच चाललं होतं; दिवा लावताना तिने ऐकलं आणि ती हसायलाच लागली.

“सोळा एकर? माझ्या नावावर? अप्पा, आणि तुम्ही उदगीरच्या स्थळाला सांगता की मुलीला द्यायला आमच्याकडे काही नाही!”

“वच्छे, गप बस.”

“नाही, पण सांगा ना. गेल्या वर्षी एक चप्पल मागितली तर महिनाभर थांबवलं मला. जमीनदारीणबाईंना चप्पल नाही!”

“लग्न रावसाहेबच करून देणार आहेत तुझं,” अप्पा म्हणाले. “शब्द दिलाय त्यांनी. म्हणून म्हणतो गप बस.”

अप्पा अंगणात गेल्यावर तिने मला विचारलं, “दादा, तू काय सांगणार तिथे?”

“बघू,” मी म्हणालो.

हा शब्द मी आयुष्यात फार वापरला. लोकांना वाटतं मी विचार करतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकूबाई मागच्या दारी आली. हातात ओल्या हरभऱ्याची जुडी होती. ‘मालकाच्या रानातला हाय,’ म्हणून तिने ती उंबऱ्यावर ठेवली. मग उभीच राहिली.

“उद्या जाणार?”

“जावं लागेल.”

“माझ्या सासऱ्यानं त्या रानातली हरळी काढली. तवा ते पड होतं. नांगर चालत नव्हता. सासरा मेला, नवरा राबतो, मी राबते. अर्जावर आमचा नववा नंबर हाय.” तिने जुडी आत सरकवली. “तुमी आमाला काय बी देऊ नका, पल्हादराव. तुमचं असतं तर मागितलं असतं. तुमी फकस्त म्हना, माझं न्हाई. येवढंच.”

“आमचं घर जाईल, ठकूबाई. वच्छीचं लग्न ठरतंय.”

“ते बी खरं,” ती म्हणाली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. “येळवशीला मी सोळा वरसं आंबील करते. सगळे आपापल्या रानात जातात. मी बी जाते, पर मडकं घेऊन. येकदा वाटतं, आपन बी कुनाला तरी हाक मारावी. ये बाई, बस, जेव.” तिने पदराने तोंड पुसलं. “हरभरा भाजून खावा. कवळा हाय.”

त्या रात्री आणि सकाळी एसटीत अप्पांनी माझ्याकडून चतुःसीमा घोकून घेतली. पूर्वेला ओढा. पश्चिमेला गाडीवाट. दक्षिणेला बाबुराव बिराजदारांचं रान. उत्तरेला अमुक. मी शाळेतही पाठांतरात पहिला होतो. गाडीतून उतरेपर्यंत माझं काहीच ठरलं नव्हतं. मी ठरवून गेलो होतो असं पुढे अनेक भाषणांत सांगितलं गेलं; मी समोर बसलेला असायचो आणि खोडून काढत नव्हतो.

तहसीलच्या मागच्या खोलीत सुनावणी होती. अधिकाऱ्यांना सर्दी झाली होती, गळ्याला मफलर. बाजूला रावसाहेबांचे वकील. रावसाहेब स्वतः आत आले नाहीत, बाहेर जीपमध्ये बसून राहिले. अप्पा बाकावर. अकरा घरांची माणसं दाराबाहेर व्हरांड्यात उकिडवी बसली होती. ठकूबाई उंबऱ्याला अगदी लागून होती.

“नाव?”

“प्रल्हाद दिगंबर धारूरकर.”

“धंदा?”

“वाचनालयात साहाय्यक.”

वकील खाकरले. “आणि शेती, साहेब.”

“त्यांना बोलू द्या,” अधिकारी म्हणाले आणि शिंकले. “शेती?”

“हो. शेती.”

“सव्विसाव्या वर्षी बावीस एकर. दिवाणजींच्या मुलाला. नशीबवान आहात. वेळा अमावस्येची पूजा कोणी केली यंदा?”

“मी केली.”

हे खरंच होतं. वकिलांनी समाधानाने कागद उलटला.

“रानाच्या सीमा सांगा. पूर्वेला?”

“ओढा.”

“पश्चिमेला?”

“गाडीवाट.”

“दक्षिणेला?”

“बाबुराव बिराजदारांचं रान.”

“उत्तरेला?”

आणि मला आठवेना. आठवणीत त्या जागी काहीच नव्हतं. जणू कपाटातून पुस्तक काढून नेलंय आणि आजूबाजूची तशीच उभी आहेत. मी वर पाहिलं, खाली पाहिलं. अधिकारी थांबले. वकिलांनी पेन टेबलावर वाजवलं. मी वळून दाराकडे पाहिलं, तेव्हा मला ठकूबाई दिसली. तिची नजर माझ्यावरच होती आणि तिचे ओठ हलत होते.

ती मला उत्तर सांगत होती.

आवाज न करता, ओठ मोठे करून, पुन्हा पुन्हा. मला शब्द कळला नाही. पण ती सांगतेय एवढं कळलं. मी ते बरोबर बोललो असतो तर तिचं रान गेलं असतं, हे तिच्याइतकं त्या खोलीत कोणाला माहीत होतं?

“उत्तरेला काय आहे?” अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “जमीन माझी नाही.”

वकील उठले. “साहेब, मुलगा घाबरलाय.”

“घाबरलेलाच दिसतोय,” अधिकारी म्हणाले. “पुन्हा सांगा. लिहून घ्यायचंय.”

“जमीन माझी नाही. रावसाहेबांची आहे. मी कधी कसली नाही. पूजा त्यांनी सांगितली म्हणून केली.”

कारकुनाने लिहिलं. मी सही केली. या वेळी वाचून.

बाहेर आलो तेव्हा जीप निघून गेली होती. ठकूबाईला मी विचारलं, “तू मला का सांगत होतीस?”

ती ओशाळली. “काय की ओ. अडकलेल्या माणसाला सांगायचं न्हाई तर काय? मास्तर इचारतो आन् लेकराला येत न्हाई, तसं वाटलं मला. तोंडातनं निघून गेलं.” मग कपाळावर हात मारून घेतला. “मरू दे. आवाज न्हाई निघाला त्ये बरं.”

बाकीचे सगळे हसले. तीही हसली. मला वाटतं त्या अकरा घरांची मला स्वच्छ आठवणारी ती शेवटची गोष्ट. नंतरची सगळी वर्षं अर्ज, टपाल, तारखा यांत मिसळून गेली आहेत.

एसटी स्टँडवर गाडी लागल्यावर अप्पा म्हणाले, “उत्तरेला मसणवटा. त्या अर्जवाल्यांचाच. सहा वेळा म्हणून घेतलं होतं तुझ्याकडून.”

या विषयावर ते आयुष्यात पुन्हा बोलले नाहीत.

आठ दिवसांत घर सोडायचा निरोप आला. लग्नाचा शब्दही रावसाहेबांनी परत घेतला. उदगीरच्या स्थळाने मग आणखी चौकशी केली नाही. आम्ही सामान बांधत होतो. वच्छी पितळी डबे गोधडीत गुंडाळत होती.

“दादा, नेमकं काय म्हणालास तू तिथे?”

“जमीन माझी नाही म्हणालो.”

“सगळ्यांसमोर?”

“हो.”

“आणि भीती नाही वाटली?”

ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती तसं आधी कोणी बघितलं नव्हतं. मी घाबरट आहे हे तिला लहानपणापासून माहीत होतं. काळोखात परसात जायला मी तिलाच सोबत न्यायचो.

“नाही,” मी म्हणालो.

अप्पा माझ्यासोबत लातूरच्या खोलीत आले. वच्छी मामाकडे उदगीरला गेली, कारण एका खोलीत तिघांनी राहणं शक्य नव्हतं. तिथून तिने ते पत्र लिहिलं. तिची सुनावणी वेगळी होती. रावसाहेबांचे वकील मामाकडे दोनदा जाऊन आले होते. पत्रातली शेवटची तीन वाक्यं अशी होती: ‘तुला भीती वाटली नाही म्हणालास. मला फार वाटते. तू सांगशील तसं मी करीन.’

मी काय लिहिणार होतो? ‘तूही तसंच कर,’ असं लिहायला मी तसं काही केलंय याची मला खात्री असायला हवी होती. उत्तरेचा मसणवटा मला आठवला असता तर? तो प्रश्न मी तेव्हापासून स्वतःला विचारतोय. कधी वाटतं, ठकूबाईचे ओठ पाहून कोणीही तेच बोललं असतं. कधी वाटतं, मी मसणवटा म्हणालो असतो, सही केली असती आणि संध्याकाळच्या गाडीने वाचनालयात परतलो असतो. खरं लिहिलं तर तिच्या मनातला भाऊ जाणार होता. खोटं लिहिलं तर तिचं मामाकडचं उरलंसुरलं घर माझ्या खोट्यावर पणाला लागणार होतं. म्हणून मी ‘बघू’ केलं. दरम्यान मला हारतुरे सुरू झाले होते. भूमिहीनांची समिती झाली, तिच्या सभांना मला बोलावू लागले. मी बोलत नव्हतो, पण मला अर्ज लिहिता येत होते, आणि त्यांना तेच हवं होतं. फेब्रुवारी तसाच गेला. मार्चची अकरा तारीखही गेली.

त्या दिवशी वच्छीने जमीन आपली आहे असं सांगितलं. चारही सीमा तिने न चुकता सांगितल्या, असं मला पुढे कळलं.

माझ्या नावचे बावीस एकर यादीतल्या पहिल्या सात घरांत वाटले गेले. पुढच्या चार घरांना ओढ्यापलीकडचं मिळायचं होतं. ते वच्छीच्या नावावर राहिलं. म्हणजे रावसाहेबांकडे राहिलं.

ठकूबाईचा नंबर नववा होता.

त्यानंतर मी चाळीस वर्षं हेच काम केलं. नोकरी सांभाळून, आणि निवृत्तीनंतर तर रोजच. कोणाच्या नावावर किती आणि खरं कोणाकडे किती, हे शोधायचं, अर्ज लिहायचे, कचेरीत बसायचं. साहेब मीटिंगला गेलेत. साहेबांची बदली झाली. फाईल वर गेलीय. किती एकर सुटले याचा हिशेब लोक माझ्या सत्कारात सांगतात. मी धरला तर तो फार लहान भरतो. ठकूबाई प्रत्येक मोर्चाला असायची. बाकीच्या सहा-सात बाया घोषणा द्यायच्या आणि ही मला भाकरी आणून द्यायची. ‘अर्ज लिवून बोटं झिजली तुमची, खावा.’ येळवशीला ती त्या सातांपैकी कोणाच्या तरी रानात जायची. तिथेही आंबील तीच करायची, हाताला सवय म्हणून. ‘पुढल्या येळवशीला माझ्या रानात या बगा, पल्हादराव,’ असं दरवर्षी म्हणायची. मी ‘येतो’ म्हणायचो. माझ्याकडे एक पत्र आलं होतं आणि मी त्याला दोन ओळी लिहिल्या असत्या तर कदाचित तिची येळवस झाली असती, हे मी तिला कधीच सांगितलं नाही. बारा वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या अंत्ययात्रेत मी चिंचेच्या रानाच्या उत्तरेला पहिल्यांदा पाय ठेवला.

वच्छीचं पुढे एका बिजवराशी लग्न झालं. माणूस बरा होता. आम्ही भेटत होतो, लग्नांत, बारशांत, तेराव्याला. पत्राचं तिने कधी काढलं नाही.

गेल्या सोमवारी तिच्या मुलाचा, विलासचा, फोन आला. फार खुशीत होता.

“मामा, गंमत ऐका. आईच्या नावावर सोळा एकर जमीन निघाली! सोनवळग्याला. आम्हाला पत्ताच नाही. मालीपाटलांचा नातू आला होता घरी. त्यांना ती सगळी पट्टी सौरऊर्जेच्या कंपनीला विकायचीय आणि कागदावर नाव आईचं. आईच्या एका सहीचे ते इतके पैसे देतायत की वरचा मजला बांधून होईल. शुक्रवारी कागद घेऊन येतायत.”

“वच्छी काय म्हणते?”

“काही नाही हो. गप्प आहे. तुम्ही सांगा तिला. घे गं आई, बोल मामांशी.”

तिच्या श्वासाचा आवाज ऐकू आला. तिला दमा आहे.

“दादा.”

“हं.”

“मी तुला एकदा विचारलं होतं.”

“हो.”

“मी अजून सही केलेली नाही.”

मी बोलायला तोंड उघडलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला, “बघू.” तिने फोन विलासकडे दिला.

मंगळवार मी वकिलांकडे घालवला. बुधवारी सकाळी टेबलाशी बसलो. लिहायला अर्धा तास लागला, एवढंच.

‘वच्छे, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. त्या दिवशी मला भीती वाटली होती. वाटली नाही म्हणालो ते खोटं होतं. मी उत्तरेची सीमा विसरलो होतो, म्हणून अडकलो, आणि अडकलो म्हणून बोललो. आठवली असती तर काय बोललो असतो ते मला आजही माहीत नाही. हे तुला कळू नये म्हणून मी लिहिलं नाही. ओढ्यापलीकडचं रान ठकूबाईला आणि आणखी तीन घरांना मिळायचं होतं. ते मला माहीत होतं, तुला नव्हतं. त्यात तुझा दोष काहीही नाही.

‘आता तू विचारलंस त्याचं उत्तर. सही करू नकोस. वकील म्हणतात, कागदावर तू मालक आहेस आणि मालीपाटलांना आता कोर्टात जाऊन ते आपलं म्हणता येणार नाही. तुला ते लिहून देता येतं. चार घरांतल्या वारसांची नावं सोबत जोडली आहेत. ठकूबाईची सून तिथेच मजुरी करते. विलास रागावेल, आणि त्याचा राग खोटा नसेल. वरचा मजला होणार नाही. त्याला मी तोंड देईन, नीट जमणार नाही, पण देईन. शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी येतोय. तू दुसरं काही ठरवलंस तरी येतोय. भीती मलाही वाटते आहे. दादा.’

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीने पाकीट वजनाच्या काट्यावर ठेवलं.

“उदगीर? स्पीड पोस्टने उद्या संध्याकाळपर्यंत मिळेल, आजोबा. फोन करायचा होता की, फुकटात झालं असतं.”

“फोनवर जमत नाही.”

तिने शिक्का मारला आणि पावती फाडून दिली. पाकीट अजून तिच्या हाताशी होतं.

“बाई,” मी विचारलं, “समजा परत घ्यायचं झालं तर?”

“आत्ता? मग अर्ज लिहून द्यावा लागेल.” तिने बाजूला कोऱ्या कागदांकडे बोट दाखवलं. “देताय का?”

अर्ज मी डोळे मिटूनही लिहिला असता.

“नको,” मी म्हणालो.

तिने पाकीट मागच्या पिशवीत टाकलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.